नऊ बाराला पडणारा खटका

सुनिम किमचीसाठी मुळे चिरत बसली होती, तेव्हा घरातली वीज पहिल्यांदा गेली. रेडिओ बोलता बोलता मध्येच थांबला आणि मागच्या पडवीतला किमचीचा फ्रिज एक लांब उसासा टाकून गप्प झाला. शेजारच्या घरातला टीव्ही मात्र खणखणीत चालू होता, म्हणजे गावची वीज गेलेली नव्हती. ती हात पुसत दाराशी गेली आणि विजेची पेटी उघडून पाहिली, तर मुख्य ब्रेकरचा खटका खाली पडलेला. तिनं तो वर केला. तो लगेच पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तिनं नाद सोडला आणि मुळ्यांकडे परत गेली. सव्वा तासानं सहज म्हणून वर करून पाहिला, तर शहाण्यासारखा वर राहिला.

तिनं वेळ लिहून ठेवली. नऊ बाराला पडला, दहा सत्तावीसला राहिला. ही तिची जुनी खोड होती. ग्वांगजू शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिची बावीस वर्षं गेली होती. तिथं रोजच्या जेवणातला प्रत्येक पदार्थ डबीभर बाजूला काढून, त्यावर तारीख आणि वेळ लिहून सहा दिवस थंडीत जपून ठेवावा लागे. एखाद्या मुलाचं पोट बिघडलंच तर कारण शोधता यावं म्हणून. नोकरी संपली, पण वेळ लिहायची सवय काही गेली नाही. लिहायला घरात एकच जागा होती, तिच्या नवऱ्याला मच्छीमार सोसायटीकडून मिळालेलं भिंतीवरचं मोठं कॅलेंडर. त्यात प्रत्येक तारखेखाली बारीक आकड्यांच्या दोन ओळी छापलेल्या आणि त्यांच्याखाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत तिचा नवरा कीचॉल आपण गळाला लावलेल्या माशांची संख्या मांडत असे, आणि ती बहुतेक दिवशी शून्य असल्यामुळे जागा भरपूर उरे.

दोघं सात वर्षांपूर्वी या वाउन गावात राहायला आली होती. कीचॉल शहरात बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर समुद्राकाठी घर घ्यायचं आणि गळ टाकून बसायचं, एवढं एकच त्यानं आयुष्यात मनाशी धरलं होतं. घर अगदी बांधाला लागून मिळालं. बांधापलीकडे खाडी, आणि ओहोटीला नजर पोचेल तिथवर राखाडी चिखल. गावातल्या बायका त्या चिखलावर एक गुडघा लाकडी फळीवर टेकून, दुसऱ्या पायानं रेटा देत घसरत जायच्या आणि शिंपल्यांनी भरलेली जाळी घेऊन परतायच्या. सुनिम डोंगराकडची. तिनं सात वर्षांत त्या चिखलात पाऊल घातलं नव्हतं, आणि भरती-ओहोटी हा नवऱ्याच्या खात्यातला विषय म्हणून त्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी रात्री साडेनऊला, मालिका रंगात आली असताना, खटका पुन्हा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ बेचाळीसला. तिसऱ्या दिवशी साडेदहाला. कीचॉलनं बोल्ग्योच्या बाजारातल्या मिन ग्युहो नावाच्या वायरमनला फोन लावला. मिन कामावर होता, पण त्यानं फोनवरच युक्ती सांगितली. पेटीत मुख्य खटक्याखाली जे सहा छोटे खटके आहेत ते सगळे पाडा, मुख्य वर करा आणि मग एकेक छोटा वर करत जा. ज्याच्यासरशी मुख्य पडेल, तो चोर.

सुनिमनं तसं केलं. पहिला वर केला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला हात लावला मात्र, आणि मुख्य खटका खाडकन खाली आला. तिसरा बाजूला ठेवून बाकीचे पाचही वर राहिले. तिसऱ्यावर काय काय आहे ते तिनं घरभर हिंडून, दिवे लावून पाहिलं. न्हाणीघर, अंगणातलं कपडे धुवायचं यंत्र आणि अंगणाच्या कडेची बाहेरची खोली.

न्हाणीघर म्हटल्यावर कीचॉलचा चेहरा उजळला. मागच्या वर्षी मुलानं आणि सुनेनं सुवॉनहून कमोडची एक सीट पाठवली होती. बसायला गरम, खालून पाण्याचा फवारा, वर वाऱ्यानं सुकवायची सोय. सुनिमला ती फार आवडायची आणि कीचॉलचं तिच्याशी पहिल्या दिवसापासून वैर होतं.

"मी सांगत नव्हतो?" तो म्हणाला. "विजेवर बसू नये माणसानं. तुझी लाडकी सीट काय करते बघ आता."

सुनिमनं सीटची पिन काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी खटका पडला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कीचॉल दोन दिवस घरात असा वावरत होता, जणू त्यानं मोठा मासा पकडला होता. पण सुनिमचं समाधान होईना. तिनं मुद्दाम पिन परत लावली. तरीही खटका पडला नाही. मग तिनं न्हाणीघराच्या भिंतीवर पाणी मारून पाहिलं, यंत्रात ओले कपडे भरून चालवून पाहिलं, बाहेरच्या खोलीतले दिवे दिवसभर जळते ठेवले. काही केल्या खटका पडेना. आठवडाभरानं वायरमन मिन आला, तेव्हा दाखवायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

मिन चाळिशीतला, शांत माणूस. त्यानं मेगर काढला, वायरींची गळती मोजायचं यंत्र, आणि तिसऱ्या खटक्याची वायर तपासली. आकडा उत्तम आला. मग ब्रेकरच म्हातारा झाला असेल म्हणून त्यानं नवा बसवून दिला, एक कप कॉफी घेतली आणि जाताना म्हणाला, की आता काळजी नको. नवा खटका पाच-सहा दिवस नीट चालला.

चुसोकचा, सुगीच्या पौर्णिमेचा सण आला. मुलगा आणि सून आले. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सून न्हाणीघरात केस धूत होती, आणि तिच्या डोक्यावर फेस असतानाच अंधार झाला. नवा ब्रेकर पडला होता. नंतरचे दोन दिवस तो पडत राहिला आणि मग जसा आला तसा तो आजार निघूनही गेला. मिनला पुन्हा बोलावलं, तो पुन्हा आपल्या सवडीनं आला आणि पुन्हा यंत्रात सगळं उत्तम निघालं. या वेळी त्यानं कॉफी अर्धीच घेतली.

कीचॉलचं म्हणणं साधं होतं. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तासभर त्रास होतो, तेवढा वेळ तिसरा खटका पाडून ठेवावा आणि मोकळं व्हावं. फ्रिज चालतो, भात शिजतो, आणखी काय पाहिजे?

"पण का पडतो?" सुनिम म्हणाली.

"पडतो. माणूसही पडतो कधीकधी."

"माणूस पडला तर आपण विचारतो ना, कशाला अडखळलास म्हणून?"

याचं उत्तर दुसऱ्या दिवशी कीचॉलच्याच तोंडून निघालं, आणि त्याला कळलंही नाही. तो पडवीत गळाच्या दोरीचा गुंता सोडवत बसला होता. चष्मा आत राहिला होता. शनिवारी मित्राबरोबर धक्क्यावर जायचं ठरत होतं, म्हणून त्यानं सुनिमला हाक मारून कॅलेंडरवरची भरतीची वेळ वाचायला सांगितली.

सुनिमनं त्या बारीक आकड्यांवर पहिल्यांदाच बोट ठेवलं. शनिवार वाचता वाचता तिला मागच्या पानावर आपणच लिहिलेल्या वेळा आठवल्या. तिनं पान उलटलं. सप्टेंबरातल्या त्या पहिल्या दिवशी तिच्या अक्षरात लिहिलं होतं, नऊ बारा ते दहा सत्तावीस. वर छापलेलं होतं, भरती नऊ एक्कावन्न. नऊ बारापासून नऊ एक्कावन्नपर्यंत एकोणचाळीस मिनिटं, आणि तिथून दहा सत्तावीसपर्यंत छत्तीस. छापलेली वेळ तिच्या दोन वेळांच्या जवळजवळ मधोमध बसली होती. तिनं दुसरा दिवस पाहिला. पुढचा पाहिला. सणानंतरचे दिवस पाहिले. प्रत्येक वेळी भरती मधोमध.

"अगं, वाचतेस की झोपलीस?" बाहेरून कीचॉल ओरडला.

तिनं त्याला शनिवारची वेळ सांगितली आणि बाकीचं पोटात ठेवलं. कारण तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. समुद्राचा न्हाणीघराशी काय संबंध? घर बांधाच्या आत होतं. भरतीचं पाणी अंगणात कधी आलं नव्हतं. तरी तिनं रात्रभर... रात्रभर नव्हे, पण झोप लागेपर्यंत त्या आकड्यांचा विचार केला. रोज भरती असते, सकाळ-संध्याकाळ, मग खटका महिन्यातून दोनदाच का आजारी पडतो? सकाळी ती शिंपल्यांच्या बायकांपैकी एकीकडे जाऊन, इकडचं तिकडचं बोलून, हळूच विचारून आली. तिला समजलं ते असं, की अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं. मधल्या भांगाच्या दिवसांत ते अर्ध्यावरूनच मागे फिरतं. छापलेल्या दुसऱ्या ओळीतले आकडे म्हणजे पाण्याची सेंटिमीटरमधली उंची. आणि मिन वायरमन दोन्ही वेळा आला होता तो नेमका भांगाच्या दिवसांत.

पुढचं उधाण ऑक्टोबरच्या मध्यावर होतं. सुनिमनं दिवस मोजत वाट पाहिली. अमावास्येच्या दिवशी तिनं भाजीला सुट्टी दिली आणि साडेआठपासून पेटीसमोर स्टूल टाकून बसली. आठ पन्नास झाले, नऊ झाले, भरतीची वेळ झाली, उलटून गेली. खटका जागचा हलला नाही. कीचॉल दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला की बसचा थांबा असता तर एव्हाना तिनं ड्रायव्हरची तक्रार केली असती.

सुनिम खट्टू झाली, पण कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. त्या दिवसाची उंची होती तीनशे बावन्न. खटका पडलेल्या दिवसांच्या उंच्या तिनं एकेक पाहिल्या. एकही तीनशे साठच्या खाली नव्हती. उद्याची उंची तीनशे बहात्तर. तिनं पेन्सिलीनं उद्याच्या रकान्यात आधीच लिहून टाकलं, नऊ दहाच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम पेटीपुढे बसली नाही. भांडी घासत होती. नऊ आठला दाराशी खट् असा आवाज झाला.

ओल्या हातांनीच तिनं मिनला फोन केला आणि उद्या सकाळी नऊच्या आत यायला सांगितलं. पावणेदहाला घरात बिघाड होणार आहे, तो त्यानं डोळ्यांनी पाहावा.

"काकू, वायर बिघडते ती काही सांगून बिघडत नाही," मिन म्हणाला.

"माझी सांगून बिघडते. या तुम्ही."

तो आला. कदाचित चिडून आला असेल, कदाचित त्याचीही दोन वेळा फसलेली तपासणी त्याला खुपत असेल. सुनिमनं कॅलेंडर खिळ्यावरून काढून त्याच्यापुढे ठेवलं. मिननं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मग तिसरा खटका पाडला, त्याच्या वायरी मोकळ्या केल्या आणि मेगर लावला. आकडा शंभरच्या वर होता, म्हणजे गळती नव्हती; तो जितका खाली येईल तितकी गळती जास्त. साडेनऊ वाजले होते. बांधापलीकडे पाणी चढत असल्याचा, दगडांतून चुळबुळल्यासारखा आवाज येत होता.

पाच-पाच मिनिटांनी तो मोजत राहिला. साठ. बावीस. कीचॉलनं बाहेर जाऊन बांधावरून पाणी पाहिलं आणि परत येऊन सांगितलं, की धक्क्याची खालची पायरी बुडाली. मेगर नऊवर आला. वरची पायरी बुडाली तेव्हा दोनवर. मग आकडा एकाच्याही खाली गेला आणि शून्याजवळ जाऊन थरथरत राहिला. तिघं त्या छोट्याशा पडद्याभोवती डोकी लावून उभे होते. कीचॉलनं सीटचं नाव काढलं नाही.

"समुद्र आहे हा," मिन हळूच म्हणाला. "तुमच्या तिसऱ्या खटक्याला समुद्र जोडलाय."

आता शोध जवळ आला होता. न्हाणीघराची वायर सुटी केली, आकडा तसाच. यंत्राची सुटी केली, तसाच. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीत, दाराशेजारी, भिंतीवर चिकटवलेल्या कागदाखाली एक चौकोन किंचित फुगलेला होता. मिननं कागद फाडला. आत जुनी लोखंडी डबी, आणि तीत घरच्या पांढऱ्या वायरींना पीळ देऊन बांधलेली एक काळी, जाड, रबरी वायर. ती भिंतीतून सरळ खाली जमिनीत गेली होती. तिथं एके काळी बटण असावं. सात वर्षांपूर्वी यांनी भिंतीचं काम करून घेतलं तेव्हा गवंड्यानं बटण काढून टाकलं असणार आणि उघडी टोकं नकोत म्हणून एकमेकांना बांधून वर कागद चिकटवला असणार. तेव्हापासून ती काळी वायर जिवंत होती. मिननं ती सोडवली. मेगरवरचा आकडा टुणकन शंभरच्या वर गेला.

काम तिथंच संपलं होतं. मिननं वायरीचं टोक बंद केलं, खटका वर केला, भर भरतीत तो वर राहिला. कीचॉलनं जेवायला थांबायचा आग्रह केला. जेवताना तिघांपैकी कोणीच नीट जेवत नव्हतं. शेवटी मिननंच विचारलं, की दुपारची ओहोटी किती वाजता आहे.

चार वाजता तो परत आला, एक छोटं यंत्र घेऊन. त्याचा एक भाग वायरीला जोडला की वायरीत बारीक आवाज सोडला जातो; दुसरा भाग हातात धरून जमिनीवरून फिरवला की खाली वायर असेल तिथं किणकिण ऐकू येते. किणकिण अंगणातून निघाली, तुळतुळीत झालेल्या जुन्या उखळापाशी वळली, भिंतीखालून रस्त्यावर आली, बांधाखाली शिरली. ऑगस्टमध्ये बांधाच्या कडेनं पाण्याच्या निचऱ्याचा नवा पाइप घातला होता, त्याची खडी अजून ताजी होती. तिथं किणकिण घोगरी झाली. कीचॉलनं फावडं आणलं. खडी उपसली तेव्हा काळी वायर दिसली, आणि तिच्यावर खोदयंत्राच्या दातानं घातलेला, बोटभर लांबीचा ओरखडा. आत तांबं हिरवं पडलं होतं. उधाणाचं पाणी पाइपाच्या खडीतून इथवर चढत होतं, आणि भांगाचं पाणी चार बोटं खालीच थांबत होतं. कुणी त्या पाण्यात हात घातला असता तर, एवढंच म्हणून मिननं यंत्र पुन्हा उचललं.

पण वायर तिथं संपत नव्हती. सुनिम पुढे निघाली. सात वर्षांत पहिल्यांदा ती बांध उतरून चिखलाच्या कडेला आली. तिथून आत खाडीत दगडांची एक अरुंद वाट जाते, बायकांनी फळ्या ओढत परत यायची. तिच्या तोंडाशीच किणकिण थांबली. शेवाळलेल्या सिमेंटचा एक ठोकळा होता, त्यातून बुडाशी कापलेला लोखंडी नळ डोकावत होता. नळाच्या पोटात काळ्या वायरीचं टोक, रबराच्या पट्ट्या गुंडाळून बांधलेलं.

शिंपल्यांची जाळी घेऊन एक बाई वाटेवरून येत होती. तिला विचारलं तर ती लगेच म्हणाली, की हा सरकारी दिवा होता. ती लग्न होऊन आली तेव्हा जळायचा. पुढे बंद पडला, आणि बांध उंच केला तेव्हा खांब कापून नेला.

सरकारी दिवा आणि वीज सुनिमच्या न्हाणीघराच्या खटक्यावरून. हे काही तिच्या गळी उतरेना. मिननं खडी परत भरायला सांगितली, मेलेल्या वायरीची आता काही भीती नाही म्हणाला आणि कॉफीचा पूर्ण कप संपवून गेला. कीचॉलनं खडी उद्या भरतो म्हणून फावडं भिंतीला टेकवलं. सुनिमनं मात्र दुसऱ्याच दिवशी टोपलीभर पर्सिमॉनची फळं घेतली आणि सुनछॉनची बस धरली.

घर त्यांना ज्यांनी विकलं त्या बोक्तान आजी सुनछॉनमध्ये लेकीकडे अकराव्या मजल्यावर राहत होत्या. वय चौऱ्याऐंशी. उमेदीची सगळी वर्षं फळी ढकलल्यामुळे एक गुडघा आत वळलेला, पण जीभ सरळ. सुनिमला पाहून त्यांना आनंद झाला, आणि ती घराबद्दल काही तक्रार घेऊन आली असावी अशी शंकाही आली. सुनिमनं खटक्यापासून सुरुवात केली नाही. तिनं विचारलं, की दगडी वाटेच्या तोंडाशी जो दिवा होता, तो कधी लागला?

आजींना लख्ख आठवत होतं. हिवाळ्यातल्या उधाणाच्या दिवसांत ओहोटी दुपारी उशिरा असते. बायका परत फिरतात तेव्हा अंधार पडायला लागलेला असतो आणि मागून पाणी येत असतं. एका वर्षी धुक्यात एका बाईला वाटेचं तोंड सापडलं नाही. ती बाजूच्या खोल ओढ्यात गेली. तिची फळी सापडली, ती नाही. त्यानंतर सगळ्या बायकांनी तालुक्याच्या कचेरीत अंगठे उठवून अर्ज दिला. दोन वर्षं काही झालं नाही. मग आजी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी जाऊन महिन्यानं परतल्या, तर दिवा लागलेला. त्यांचे यजमान मान्सू म्हणाले, अर्ज मंजूर झाला.

"अकरा वर्षं जळला तो," आजी म्हणाल्या. "दर नव्या वर्षाला मी चांगल्या मोठ्या शिंपल्या निवडून टोपली भरायची आणि ह्यांच्या हाती कचेरीत पाठवायची. उपकार झाले म्हणून. हे संध्याकाळी दारूनं तोंड लाल करून यायचे आणि सांगायचे, साहेबांनी फार आभार मानलेत."

"आणि बंद कधी झाला?"

"हे दवाखान्यात होते त्या हिवाळ्यात. हे गेले आणि मी स्वतः कचेरीत गेले भांडायला. तिथला पोरगा वही उघडून सांगतो, बाई, तिथं आमचा दिवा कधी नव्हताच. मी त्याला असं झाडलं! म्हटलं, अकरा टोपल्या खाल्ल्या तेव्हा दिवा होता?"

त्या हसल्या. सुनिम हसली नाही. तिनं मग सगळं सांगितलं. नऊ बाराला पडणारा खटका, कॅलेंडर, मेगरचा उतरणारा आकडा, बाहेरच्या खोलीतल्या भिंतीतली डबी, अंगणातून रस्त्याखाली आणि तिथून ठोकळ्यापर्यंत गेलेली काळी वायर.

बोक्तान आजींनी हातातलं फळ ताटलीत ठेवलं.  लेक आतून चहा घेऊन आली, आईचा चेहरा पाहून तशीच उभी राहिली.

"बाहेरच्या खोलीत दाराशेजारी," आजी म्हणाल्या. "ते बटण नादुरुस्त आहे, हात लावू नकोस, असं सांगून ठेवलं होतं मला. संध्याकाळी तिथं रेडिओ घेऊन बसायचे. मी चिखलातून येईपर्यंत उठायचे नाहीत. मी म्हणायची, बायको मरमर मरते आणि हा गाणी ऐकतो."

लेकीनं चहा खाली ठेवला.

"म्हणजे दिवा बिघडला नव्हता. लावणारा घरी नव्हता." आजींनी डोळे पुसले आणि एकदम पुन्हा हसायला लागल्या. "अगं, आणि त्या कचेरीतल्या पोराला मी काय काय बोलले! त्याचं बिचाऱ्याचं खरंच होतं की."

लेकीनं विचारलं, त्या अकरा टोपल्या मग गेल्या कुठे? तिघींनाही ते ठाऊक नव्हतं, पण लाल तोंडाचा विचार करता बाजारातल्या कुठल्या तरी दारूच्या दुकानी त्या चुलीवर चढल्या असाव्यात, यावर एकमत झालं. आजींना आणखी आठवायला लागलं. माहेरून परतल्या तेव्हा अंगण नव्यानं चोपलेलं होतं. नाली तुंबली होती म्हणून खणलं, असं मान्सू म्हणाले होते. हाताला फोड होते. कंबर धरून चालत होते. नालीसाठी एवढं, म्हणून त्यांनी नवऱ्याची थट्टाही केली होती.

निघताना सुनिमला लिफ्टपर्यंत पोचवायला त्या काठी टेकत आल्या. दार उघडलं, सुनिम आत गेली, आणि आजींनी काठी मध्ये घालून दार अडवलं.

"किती खोल खणलंय गं?"

सुनिमला सांगता येईना. वायर दिसली, ओरखडा दिसला, खोली मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं. वेळा लिहिणाऱ्या बाईला याची लाज वाटली. मोजून कळवते, म्हणाली.

घरी पोचली तेव्हा ऊन कलतं होतं. कीचॉलनं खडी अर्थातच भरली नव्हती. सुनिमनं शिवणकामाची पट्टी घेतली, रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात उतरली आणि जुन्या मातीच्या थरापासून वायरीपर्यंत मोजलं. तिथूनच फोन लावला.

"बासष्ट सेंटिमीटर, आजी. आणि खाली दगड आहेत, ते फोडून वायर नेलीय."



"हे रस्त्याखाली," बोक्तान आजी म्हणाल्या. "अंगणात किती?"

"अंगणातलं अजून उघडलं नाही."

"उखळ हलवलं होतं का ह्यांनी? ते चार माणसांना उचलत नाही."

सुनिमनं मान वळवून अंगणाकडे पाहिलं. किणकिण उखळापाशी वळली होती हे तिला आठवत होतं. बाजूनं वळली की खालून गेली, हे मात्र तिनं नीट पाहिलं नव्हतं. उद्या सांगते, असं ती फोनवर म्हणाली, आणि खड्ड्यातून वर येत तिनं कीचॉलला हाक मारली, की फावडं आत ठेवू नका.